टाचेची सोनोग्राफी

सुंदराबाईंना हळू बोलता येत नाही. कारखान्यात मशिनच्या खडखडाटात निम्मी हयात गेली, नवरा लवकर गेला, पोरं एकटीने वाढवली. हळू बोलून यातलं काही झालं नसतं. गेल्या वर्षी मोरीत जरासा पाय घसरला आणि त्यांचं मनगट मोडलं. पाळी गेली की हाडं आतून विरळ होत जातात, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर त्या भडकल्या. हे आजवर कुणी सांगितलं का नाही, म्हणून.

विश्रांतवाडीतल्या आमच्या विहारात हाडांचं शिबिर त्यांनीच घ्यायला लावलं. निम्मा खटाटोप मैत्रिणीसाठी, यमुनाबाईंसाठी होता. त्यांची पाठ वर्षभरात वाकत चालली होती. मी हिंजवडीत नोकरीला. यंत्र आणि ते चालवणारी मुलगी माझ्या कंपनीने पाठवली. टाचेला जेल लावून पाय यंत्रात ठेवायचा, हाडातून ध्वनिलहरी जातात, आकडा येतो. सोनोग्राफी म्हटल्यावर बायका एकमेकींकडे बघून हसल्या.

"पोटाची नाही गं, टाचेची," सुंदराबाईंनी दारातून बजावलं.

तपासणी पाळी गेलेल्यांसाठी होती. ते विचारायला मी टेबलाशी बसले होते. आणि आमच्या थोर समितीने पुरुषांचा चहा मांडला होता त्याच टेबलाशेजारी. प्रत्येक बाई तिकडे बघायची आणि पुटपुटायची, "चालू आहे." केस पांढरे झालेल्यासुद्धा. मी काय करणार? परत पाठवत होते. मला त्या चहाचा मनापासून राग येत होता.

यमुनाबाई आल्या. साठी उलटलेली. त्यांचे यजमान भीमराव, विहाराचे अध्यक्ष, कपबशी घेऊन समोरच उभे. दर जयंतीला स्त्रीमुक्तीवर तासभर बोलतात.

"चालू आहे," यमुनाबाई म्हणाल्या आणि उठल्या.

"बस खाली," सुंदराबाई म्हणाल्या. "भाऊ, तुम्ही सगळे जरा बाहेर व्हा."

"अहो सुंदराबाई, कार्यक्रम समितीचा आहे. आणि असलं काही चारचौघांत..."

"माझी जाऊन दहा वर्षं झाली. चारचौघांतच सांगतेय. बिघडलं काही?"

कुणी हललं नाही. भीमरावांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, आता यमुनाबाई रडतील. त्या खुर्चीवर बसल्या आणि पहिल्यांदा नवऱ्याकडे सरळ बघत म्हणाल्या, "अहो, माझीही कधीच गेली. तुम्हाला पत्ता नाही."

पुरुष आपापले कप घेऊन बाहेर गेले. भीमराव तेवढे दारात घुटमळले.

आकडा वाईट आला. मोठ्या दवाखान्यात नीट तपासून घ्या, तोवर जड उचलू नका, असं त्या मुलीने सांगितलं.

"मी नेतो उद्या," भीमराव दारातून म्हणाले.

"सुंदरा येईल माझ्याबरोबर," यमुनाबाई टाच पुसत म्हणाल्या. "तुम्ही सकाळचं पाणी भरा. दोन्ही हंडे."

मी परत पाठवलेल्या बायकांना सुंदराबाईंनी एकेकीच्या नावाने हाका मारायला सुरुवात केली.