चारशे माणसांची एक पेटी

बोट ठेवल्याशिवाय कागद वाचायचा नाही, ही त्यांची शिस्त. उजव्या हाताचं बोट ओळीखाली सरकायचं आणि अडलं की म्हणायचे, "थांब मिस्त्री, इथं खडा आहे." कागदातला खडा वेचणारा असा माणूस तुम्हीही कुठे ना कुठे पाहिला असेल.

ते रत्नागिरीकडचे, ओमानमधल्या बरका गावच्या आमच्या कॅम्पात क्लार्क. सगळे त्यांना भाई म्हणत. मी शटरिंगचा सुतार, शाळा दुसरीपर्यंत. तिकडे पोस्टमन दारी येत नाही. पोस्टाच्या भिंतीला लोखंडी पेट्या असतात. आमच्या कंपनीची पेटी एक, माणसं चारशे. तिची किल्ली भाईंच्या कमरेला. पत्र हातात देताना ते पाकिटावरचं नावही बोट ठेवून वाचायचे.

इंटरनेट तेव्हा नवं होतं. कॅम्पाजवळच्या कॉम्प्युटरच्या दुकानात आम्ही अकरा जणांनी जुगाराच्या एका साइटवर नाव घातलं, राहण्याचा पत्ता म्हणून सगळ्यांनी तीच पेटी दिली. नाव घातलं की खेळायला बोनस मिळायचा. जुगाराला तिकडे बंदी, माहीत होतं, तरी खेळलो. दहा जण हरले. मी साडेतीनशे रियाल जिंकलो. मागायला गेलो तर खातं बंद! उत्तर आलं, एका पत्त्याला एकच बोनस, तुम्ही अकरा नावं घेणारा एकच लबाड माणूस आहात.

ते उत्तर छापून घेतलं आणि कागद घेऊन भाईंकडे गेलो.

"जुगार मला हराम. त्या पैशांसाठी मी बोट उचलणार नाही."

"पैसे गेले चुलीत, भाई. मला लबाड म्हणाले. वीस वर्षांत माझ्या मापात सुताचा फरक नाही पडला."

त्यांनी कागद ओढला. बोट सरकलं, थांबलं.

"हा बघ खडा. पत्ता म्हणजे घर असं समजतात ही गाढवं. यल्ला, चल, अकराही जणांना बोलव."

शुक्रवारी नमाजानंतर आम्ही पोस्टापाशी ओळीत उभे राहिलो, छातीशी लेबर कार्ड, मधे ती वीतभर पेटी. भाई कॅमेऱ्यामागून ओरडले, "सगळे सारखं तोंड करू नका रे, एकच माणूस वाटाल!"

फोटो आणि पत्र कॉम्प्युटरवरून गेलं. पंधरा दिवसांनी पैसे मंजूर झाले. मी खूश, भाई नाहीत.

"लबाड हा शब्द कुठे मागे घेतलाय?"

"राहू द्या भाई, खलास."

"खलास मी म्हणेन तेव्हा."

आणखी तीन पत्रं लिहिली त्यांनी. शेवटी एक ओळ आली. ती छापून, पाकिटात घालून, माझं पूर्ण नाव वाचून त्यांनी हातात दिली. मी चहाचं विचारलं, तर म्हणाले, "माझ्या पगाराचा पिऊ." पुढे मी कधी खेळलो नाही. त्यांच्या धाकानं नाही, माझं मन भरलं म्हणून.

एका सुट्टीत भाई गावी गेले, ते तिथेच वारले. नवा किल्लीवाला पत्रं मेसच्या टेबलावर टाकून जायचा.

आता मीही गावी असतो. ती ओळ ट्रंकेत आहे. इंग्रजी मला येत नाही. सून म्हणते, वाचून दाखवते. मी देत नाही. कागद उघडतो, ओळीखाली बोट ठेवतो आणि सावकाश सरकवत नेतो. शेवटपर्यंत कुठे खडा लागत नाही.