भुईवरची बारा वर्षं

माझ्या पणजीला मी एकदा जिवंतपणीच मारलं होतं. ती तेव्हा शंभरीच्या घरात होती आणि मी एकोणीस वर्षांची, नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. घरातली पहिली शिकलेली मुलगी म्हणून मला जरा जास्तच कळत होतं.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. मुकुंदवाडीत आमच्या गल्लीत टँकर आला की भांडणं व्हायची. पणजीला आम्ही सगळे मोठी माय म्हणायचो. ती तीन दिवस तापानं खाटेवर निपचित पडली होती. मी मनगट धरलं, नाडी सापडली नाही, आणि तोऱ्यात सांगून टाकलं की आता काही खरं नाही. आमच्यात मरणाऱ्या माणसाचा जीव खाटेवर जाऊ देत नाहीत. शेवटच्या घटकेला खाली भुईवर उतरवतात आणि तोंडात पाणी घालतात. माझ्या एका शब्दावर वडिलांनी आणि काकांनी तिला उचलून सारवलेल्या भुईवर ठेवलं. सोयगावकडच्या पाहुण्यांना फोन गेले. आजीनं रडत रडत चमच्यानं पाणी घातलं.

मोठ्या मायनं ते गिळलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "टँकरचं पाजलं व्हय? पावडरीचा वास मारतोय."

पाहुणे रडतच दारात आले, तेव्हा ती भिंतीला टेकून दुधात भाकरी कुस्करत होती. दुसऱ्या दिवशी वडील तिला परत खाटेवर निजवायला गेले, तर तिनं त्यांचा हात झटकला. "उतरवलं नव्हं मला? आता म्या नाय चढत."

ती खरंच चढली नाही. खाट अंगणात गेली, तिच्यावर पापड वाळू लागले, आणि मोठी माय त्याच जागी घोंगडी अंथरून झोपू लागली. मी नर्स झाले, पगार आणू लागले, तरी आल्यागेल्याला ती बजावायची की या पोरीच्या हाती मनगट देऊ नका. लोक हसायचे. मला संताप यायचा, आणि चूक माझीच असल्यामुळे तो जास्त यायचा.

हट्टी म्हणावं तर ती हट्टानंच जगली होती. मेंढरांमागं चालत ती या भागात आली. रझाकारांच्या वेळी ती चार लेकरांची आई होती आणि बहात्तरच्या दुष्काळात आजी. त्या वर्षी चाऱ्यावाचून कळप गेला, तर ही खडी फोडायला गेली. दोन लेक तिच्याआधी गेले. रडली, आणि दुसऱ्या दिवशी चूल पेटवली.

मेंढरं चरायची त्या रानात प्लॉट पडले, प्लॉटवर इमारती आल्या. माझा भाऊ वाळूजच्या कंपनीत लागला. मग वडिलांनीही जुन्याच जागेवर स्लॅबचं घर काढलं. भिंती झाल्या, छत झालं, आणि फरशीवाले आले त्या दिवशी मोठी माय आपल्या कोपऱ्यात मांडी घालून बसली. फरशी म्हणजे भुई नव्हे, असं तिचं म्हणणं. तेव्हा ती एकशेदहा वर्षांची होती. कारागीर बिड्या ओढत बसून राहिले.

वडिलांनी मला पुढं केलं. ओल छातीला बाधेल असं नर्स म्हणून सांग, म्हणाले. खोटं नव्हतं ते. मी तिच्याजवळ बसले, तर तिनं मनगट पुढं केलं.

"बघ. हाय का?"

पूर्ण मिनिट मोजलं. आहे, म्हणाले.

"त्या दिशी तुमी उचललं तवा मला समदं कळत होतं. तोंड उघडंना. पुन्यांदा कुणाच्या हातानं उतरायचं नाय मला."

दहा वर्षं आम्ही ज्याला म्हातारीचा खोडसाळपणा समजत होतो, ती भीती होती. मला माझीच लाज वाटली. मी बाहेर जाऊन वडिलांना सांगितलं की तो कोपरा सोडायचा. ते भडकले. नव्या घरात मातीचा तुकडा, लोक काय म्हणतील? म्हटलं, काय म्हणायचं ते म्हणू द्या, चूक माझी होती, सारवीनही मीच. आणि सारवलं, ड्यूटीवरून येताना गोठ्यातून शेण आणून, नाकावर टिच्चून. चकचकीत फरशीच्या कडेला, कोपऱ्यात तेवढी सहा फूट भुई राहिली.

दोन वर्षांनी पुन्हा दुष्काळ पडला, पुन्हा टँकर आले. एका दुपारी ती जेवली, कुशीवर वळली आणि उठली नाही. मी मनगट धरून बसले. घड्याळात पाच मिनिटं मोजली, पुन्हा पाच मोजली, आणि मगच घरच्यांना हाक मारली.

बायका जमल्या. शेजारची एक म्हातारी सवयीनं म्हणाली, "अगं, खाली तरी उतरवा तिला." काका पुढं वाकलेही.

मी मध्ये उभी राहिले. "ती खालीच आहे," म्हणाले. "हात लावू नका."