शेकलेलं पान

हे आजवर माझ्या तोंडून निघालेलं नाही. बायकोसमोर नाही, रऊफभाईंसमोर नाही, आणि ज्याच्यासमोर निघायला हवं होतं त्याच्यासमोर तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही समोर बसलेले नाही आहात. तोंड बघावं लागलं असतं तर आजही मी विषय बदलला असता. विषय बदलण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही.

परभणीत माझं वाद्यांचं दुकान आहे. हार्मोनियम, तबले, गिटारी ठेवतो, पण माझं नाव आहे ते ड्रमसाठी. जिल्ह्यातले बँडवाले, शाळावाले, चर्चमधली पोरं, सगळी माझ्याकडे येतात आणि फिरून फिरून एकच विचारतात — काका, यातला चांगला कुठला? मी सांगतो. जपानी कंपन्यांची लोखंडी कामं पक्की. स्टँड एकदा आवळला की मांडव पडेल पण झांज हलणार नाही. अमेरिकन ड्रम मेपलच्या लाकडाचे, आवाज गोल आणि गोड, पण उघड्या मैदानावर तो गोडवा वाऱ्यावर जातो. बर्चचं लाकूड टणक बोलतं, लग्नाच्या वरातीला तेच बरं. आपल्याकडचा मेरठचा माल मी कधी हसण्यावारी नेत नाही. दणका सोसतो आणि त्याचा स्क्रू मोडला तर गल्लीतला लोहारही करून देतो. हे सगळं मी अगदी मनापासून सांगतो. मग ते विचारतात, तुमचा स्वतःचा आवडता सेट कुठला? तेव्हा मात्र मी दुकानात जो जास्त दिवस पडून असेल त्याचं नाव घेतो.

हे धंद्याचं खोटं. त्याचं मला काही वाटत नाही. पण आवडता सेट आहे — होता — आणि त्याचं नाव न घेण्याचं कारण धंदा नाही.

तो लाल होता. जपानी, जुना, कुणीतरी वापरून विकलेला. आम्ही तो हैदराबादहून आणला. आम्ही म्हणजे तिघं. रऊफभाई हे आमच्या ऑर्केस्ट्राचे मालक आणि कॅसिओ वाजवणारे. संभा हा आमचा ताल — ढोलकी, हलगी, पिंप, जे समोर येईल ते. आणि मी, दिगंबर, ताडकळसच्या शेतीवाल्या घरातला, परभणीत कॉलेजला नाव घातलेला. कोरसमध्ये गायचो आणि खुळखुळा हलवायचो. नामांतराची वर्षं होती. विद्यापीठाच्या नावावरून गावागावांत दोन तट पडलेले, मधूनच एसट्या बंद व्हायच्या आणि आमचे कार्यक्रम बुडायचे. ऑर्केस्ट्रात मात्र तो विषय निघत नसे. रऊफभाईंनी काढू दिला नाही. संभा मांगवाड्यातला होता आणि आमचं घर त्या वादात कुठल्या बाजूला होतं हे त्याला पक्कं माहीत होतं. आम्ही एका ताटात भजी खायचो, बरं का. परभणीत खायचो. ताडकळसला नाही.

संभा काही गरीब बिचारा नव्हता, असं उगाच समजू नका. बढाईखोर होता. चुकलेल्या गायकावर भर कार्यक्रमात डोळे वटारायचा. हैदराबादच्या त्या दुकानात त्याने तीन सेट बोटांच्या पेरांनी ठोकून बघितले आणि दुकानदाराला त्याच्याच मालाबद्दल असं काही ऐकवलं की रऊफभाईंनी त्याला बाहेर चहा प्यायला पाठवला.

संभाला आवडला होता तो जुना, कातड्याच्या पानांचा सेट. ढोलाला, ड्रमला ज्यावर काठी पडते त्याला आमच्यात पान म्हणतात. हलगीचं पान कातड्याचं. ओल धरली की ते सैल पडतं, मग जाळ करून त्यावर शेकायचं. शेकलं की टणटणीत बोलतं. संभाचं म्हणणं, कातड्याला जीव असतो. मी लाल सेटमागे लागलो. त्याची पानं प्लास्टिकची होती. मी रऊफभाईंना समजावलं — पावसाळ्यात सैल पडत नाही, शेकायची भानगड नाही, सगळ्या मोठ्या कंपन्या आता हेच लावतात. सगळं खरं होतं. रऊफभाईंना पटलं. संभालाही शेवटी पटलं, किंवा त्याने तसं दाखवलं.

माझं खरं कारण वेगळं होतं. मला त्या स्टुलावर बसायचं होतं. लहानपणापासून बसायचं होतं. पण घरात वडिलांचं एकच वाक्य ठरलेलं, "कातडं बडवायचं काम आपलं न्हाई." कुणाचं होतं ते वेगळं सांगायची गरज पडत नसे. प्लास्टिक म्हटल्यावर ते वाक्य लागू होत नव्हतं. मी घरी जाऊन सांगितलंसुद्धा — कातडं नाही, प्लास्टिक आहे. वडील म्हणाले, "मग हरकत न्हाई." बघा, एका शब्दाने वाद्य शुद्ध झालं. तेव्हा मला यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

पण स्टुलावर संभा होता. त्याने तो सेट असा काही हाताखाली घातला की पेडल मारणारा पाय आणि काठ्या धरणारे हात एकाच माणसाचे आहेत यावर लोकांचा विश्वास बसेना. मी खुळखुळा हलवत राहिलो. पाथरीपासून पोखर्णीपर्यंत लोक संभा ड्रमवाला म्हणून विचारायचे. हलगीवाला नव्हे, ड्रमवाला. त्या नावाची त्याला केवढी ऐट होती.

आता मुद्द्यावर येतो — येतोय.

गणपतीत ताडकळसला कार्यक्रम होता. माझ्याच गावात. सामान जीपमधून आणून शाळेच्या व्हरांड्यात लावलं. दुपारची वेळ. रऊफभाई कुणाकडे तरी जेवायला गेले, संभा त्याच्या बहिणीकडे, मांगवाड्यात. मी एकटाच सेटपाशी. बसलो. काठ्या घेतल्या. साईड ड्रम — ज्यावर सगळी नजाकत चालते तो — भद्द वाजला. जीपच्या धक्क्यांनी त्याचे स्क्रू ढिले झाले असणार. ते आवळायची चावी संभाच्या खिशात. आणायला किती वेळ लागला असता? गाव केवढं? पण मांगवाड्यात जायचं, संभाच्या बहिणीच्या दारात उभं राहायचं, ती जेवा म्हणणार, पारावरची माणसं बघणार. मी गेलो नाही.

शाळेमागे गेलो. थोडा कडबा, थोडी रद्दी. जाळ केला आणि तो साईड ड्रम त्यावर धरला.

हो, मीच. हैदराबादेत प्लास्टिकचे गुण सांगणारा मी. आजही मला सांगता येत नाही, डोक्यात काय होतं. सैल पडलेलं पान शेकतात, एवढंच जन्मापासून बघितलेलं. हलगी शेकणाऱ्यांकडे लांबून बघणाऱ्या पोराला दुसरं काय माहीत असणार? आधी पान पांढरं झालं. मग त्याला सुरकुत्या पडल्या. मग मधोमध ते आत गेलं आणि वास सुटला. मी ड्रम तसाच नेऊन स्टँडवर ठेवला, जाळावर माती लोटली, हात धुतले.

पुढचं लवकर झालं. रऊफभाई आले, त्यांनी बघितलं. मागून संभा येत होता. गावातली बरीच माणसं जमली होती. कुणी शेकलं, असं कुणी विचारलंच नाही. रऊफभाई सरळ संभावर ओरडले, "काय कू सेका रे संभा? पिलास्टिक है ना ये!"

संभा म्हणाला, "म्या न्हाई शेकलं, भाई."

माणसं हसली. हलगीवाला तो, शेकणारच. संभाने ड्रम हातात घेतला, पानावरून बोट फिरवलं, आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या हातांकडे. मी हात खिशात घातले.

तेव्हा मी गप्प बसलो असतो तर तो भित्रेपणा झाला असता, आणि भित्रेपणा मी कधीतरी पचवला असता. पण मी बोललो. मोठ्या मनाच्या माणसासारखा पुढे झालो आणि म्हणालो, "जाऊ द्या भाई. सवय असती."

सवय असती. त्याची बाजू घेतल्यासारखं म्हणालो. माझे वडील तिथेच उभे होते, त्यांनी मान डोलावली. त्या वर्षांत त्या गावात, त्या माणसांपुढे, माझं नाव संभाने घ्यायचं म्हणजे काय, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. त्याने काठ्या स्टुलावर ठेवल्या, खिशातून चावी काढली, काठ्यांशेजारी ठेवली आणि निघून गेला. संध्याकाळी मी साईड ड्रमशिवाय वाजवलं. खराब वाजवलं. गावाने टाळ्या दिल्या.

संभा परत आला नाही. रऊफभाईंनी एकदा निरोप धाडला होता, त्याने उत्तर दिलं नाही. आणि मी? नवीन पान आलं, मी स्टुलावर बसलो, आणि मला मजा आली. हेही सांगून टाकतो. ऑर्केस्ट्रा बंद पडेपर्यंत त्या लाल सेटवर मी बसलो. पुढे किती कंपन्यांचे सेट हाताखालून गेले, पण तसं सुख नाही मिळालं. आवडता विचारता ना — तो.

संभाचं काय झालं ते कानावर यायचं. बँडवाल्यांत त्याला नाव पडलं, शेक्या. कुठल्या बँडने ड्रमवर बसवलं की कुणीतरी काडेपेटी दाखवायचं. तो पुन्हा हलगीकडे वळला. विद्यापीठाचं नाव बदललं तेव्हा परभणीत मिरवणूक निघाली होती, त्यात मी त्याला दुकानाच्या पायरीवरून बघितलं. हलगी वाजवत होता, केस पांढरे झालेले. मी आत गेलो आणि कपाट लावत बसलो.

अजून एक आहे. तो किस्सा मी सांगत आलोय. दुकानात. नवीन ड्रम घेणाऱ्या प्रत्येकाला — पान शेकू नका बरं, आमच्यात एकजण होता संभा म्हणून, त्याने प्लास्टिक शेकलं! गिऱ्हाईक हसतं, माल बांधून होतो. इतक्यांदा सांगितला की सांगताना आता काही टोचतही नाही. शेक्या हे नाव कुणी पाडलं, असं मला विचारू नका. मला खात्रीने आठवत नाही. मी नसेन, असं म्हणायची मात्र हिंमत होत नाही.

गेल्या वर्षी एक बाई दुकानात आल्या. शाळेत शिक्षिका. शाळेच्या बँडसाठी सेट हवा होता. मी नेहमीसारखं सुरू केलं — जपानी, मेरठचा, बर्च, मेपल. त्यांनी नीट ऐकलं, एक ठरवला. मग पानावर टिचकी मारून हसत म्हणाल्या, "प्लास्टिकचंच आहे ना काका? आमच्या दादांनी एकदा असलं पान शेकलं होतं म्हणे. ताडकळसला."

दादा म्हणजे वडील. मी नाव विचारलं नाही.

त्यांनीच सांगितलं. वारले म्हणाल्या, दोन पावसाळे झाले. आणि हसतच पुढे म्हणाल्या, "लय हट्टी होते. शेवटपर्यंत म्हणायचे, म्या न्हाई शेकलं. आम्ही पोरं चिडवायचो त्यांना. घरात मेणबत्ती लावली की म्हणायचो, दादा, ड्रम लांब ठेवा."

म्हणजे त्याच्या घरातही. त्याच्या लेकरांनीही. तो सांगत राहिला आणि कुणी, अगदी कुणीच —

त्या माझ्याकडे बघत होत्या. हसऱ्या चेहऱ्याने. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. वडील माझे कधीच गेले, रऊफभाई गेले, ते गाव, ती माणसं, काही उरलेलं नाही. मला कुणाची भीती होती? एक वाक्य होतं. त्यांच्या वडिलांनी जन्मभर म्हटलेलंच, फक्त माझ्या तोंडून यायचं होतं.

मी पावतीवर शाळेचं नाव लिहिलं आणि म्हणालो, "असू द्या ताई. सवय असते."

त्या हसल्या. रिक्षात सेट चढवून दिला, चावी हातात दिली, स्क्रू कसे आवळायचे ते दाखवलं. त्या गेल्या.

संभाने शेकलं नव्हतं. मी शेकलं होतं.