मागून हाक न मारणाऱ्यांचा देश

माझ्या साडूने युरोपची टूर बुक केली तेव्हा मला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी गेलो असतोच असं नाही. पण सांगितलं नाही, आणि का सांगितलं नाही हे कळल्यापासून पोटात जे बसलंय ते अजून उठलेलं नाही.

इंदूरच्या परदेशीपुऱ्यात माझा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना आहे. सायकलवर रद्दी गोळा करण्यापासून सुरुवात केली, कुणी हात धरून वर ओढलं नाही. बोलून बोलून वर आलो. आमच्या नात्यात कुणाला फ्रिज घ्यायचा असो, मंगल कार्यालय ठरवायचं असो की सोफा, मला गाडीत घालून नेतात. साडूच्या मुलीच्या लग्नात केटररबरोबर मी असा बसलो की शेवटी त्याने स्वतःच्या घरून चहा मागवला आणि म्हणाला, "भिया, अब तो मान जाओ." साडू तेव्हा मागे उभा राहून गालात हसत होता. बँकेत अधिकारी होता, त्याला भाव करायची लाज वाटते. मला करायला लावायची वाटत नाही.

आणि टूरला मात्र चार जोडपी गेली, आम्ही सोडून. माझ्या मेहुणीने बायकोला खरं कारण सांगून टाकलं. साडू म्हणाला होता, "त्यांना नेलं तर तिथे कॉफीचाही भाव करतील. ग्रुपमध्ये तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

ते परत आले तेव्हा फोटो बघायला बोलावलं. मी जाणार नव्हतो, बायको म्हणाली चला. टीव्हीवर एकेक फोटो येत होता, सगळ्यांत चार जोडपी आणि मागे काहीतरी. बायकोने फक्त एक प्रश्न विचारला. "नेदरलँड्समधला तो बांध पाहिला का? समुद्र वर आणि शेतं खाली?"

"बसमधून दिसला असेल," साडू म्हणाला. "त्या दिवशी चॉकलेटची फॅक्टरी होती."

माझी बायको निवृत्त होईपर्यंत शाळेत भूगोल शिकवत होती. दर वर्षी फळ्यावर एक चित्र काढायची. एका बाजूला पाणी, मधे भिंत, भिंतीच्या पलीकडे गवतात गाय. मासा वर, गाय खाली. त्या रात्री राजेंद्र नगरला परत येताना स्कूटरवर मागे बसून ती म्हणाली, "मी इतकी वर्षं मुलांना सांगत आले, पण माझाच विश्वास बसलेला नाही. एकदा त्या गायीच्या जागी उभं राहून बघायचंय. गुडघे चालतायत तोवर." डॉक्टरांनी तिला गुडघ्यांचं ऑपरेशन फार लांबवता येणार नाही असं नुकतंच सांगितलं होतं.

मी म्हणालो, "नेतो. त्यांनी दहा दिवस पाहिलं, आपण तीन आठवडे पाहू. आणि त्यांच्याहून कमी पैशांत."

बोलून गेलो, आणि कामाला लागलो.

भाव करायचा तर आधी माल समजून घ्यावा लागतो. हा मालच मला समजेना. नकाशावर बोटभर जागेत पाच देश. गाडीत बसून डबा उघडला तर पोळी संपेपर्यंत देश बदलतो. एकाच गावाची दोन नावं, स्टेशनवर एक आणि तिकिटावर दुसरं. मी सकाळी एक भाडं बघायचो, दुपारी जेवून येईपर्यंत तीच गाडी, तीच सीट, भाडं वेगळं. सरळ तिकीट महाग, आणि मधल्या गावात तोडून दोन तिकिटं काढली तर स्वस्त. मी विचार केला, हे कोण ठरवतं? कुणीतरी माणूस असेल ना. त्याचं नाव, त्याचा नंबर, त्याचा मूड. समोर माणूस नसला की मला काही सुचत नाही. आमच्या बाजारात मी दुकानदाराच्या डोळ्यांवरून ओळखतो की हा अजून किती खाली येईल. इथे नुसता चमकणारा आकडा.

मग लंडनचं. मी लंडन धरलंच होतं, कारण साडू लंडनला गेला नव्हता. सगळं जुळवल्यावर कळलं की बाकीचे सगळे देश एका व्हिसात बसतात, लंडनला वेगळा लागतो. आयर्लंडला आणखी वेगळा. मी ट्रॅव्हलवाल्याला विचारलं, "मधे पाणीच तर आहे, अर्ध्या दिवसात होडी जाते. एकाच व्हिसात बसवून द्या."

तो म्हणाला, "काकाजी, ये अपने हाथ में नहीं है."

"कोणाच्या हातात आहे?"

त्याने वर बोट दाखवलं. पंखा होता.

पैसे वाचवायला मी रात्रीच्या बस शोधून काढल्या. बसमध्येच झोपलं की हॉटेल वाचतं. बायकोने वेळापत्रक पाहिलं आणि म्हणाली, "अहो, बसमध्येच झोपायचं असेल तर इंदूर-पुणे आहेच की. त्यासाठी विमान कशाला?" तिला हे सगळं माझ्यापेक्षा लवकर समजत होतं. मी रागाने कागद फेकायचो, ती उचलून सरळ करायची. देश तिने कमी केले. लंडन गेलं, आयर्लंड गेलं. मला वाटलं माझ्या ताटातलं कुणी काढून घेतंय.

खोली मात्र तिने एकटीने शोधली. समुद्राकाठच्या एका लहान गावात एका बाईच्या घराचा वरचा मजला, स्वयंपाकघरासकट. तिने मला खिडकीचा फोटो दाखवला. खिडकीसमोर गवताने झाकलेला उंच बांध, बाकी काही नाही. तिने तो फोटो मोठा करून पुन्हा पुन्हा पाहिला. मला त्यात पाहण्यासारखं काही सापडेना. तिथे सहा रात्री राहायचं, तिथूनच बाकीची गावं करायची, घरी खिचडी शिजवायची, असा तिचा हिशोब होता. सगळ्यात मुख्य, त्या बाईचा पत्ता होता. माणूस होता. माझ्या जिवात जीव आला. बायकोला म्हणालो, "तू फक्त गप्प राहा."

मी फोनमध्ये हिंदीत बोलायचो, फोन त्याचं इंग्रजी करून द्यायचा. पहिला नियम, वस्तू आवडली असली तरी तिला नावं ठेवायची. मी लिहिलं की तुमचा जिना उभा आहे, माझ्या पत्नीचे गुडघे दुखतात. समुद्राकाठचं घर म्हणता आणि समुद्र दिसत नाही, खिडकीसमोर भिंत आहे. अशा खोलीचं भाडं कमी हवं. आम्ही शांत माणसं आहोत, सहा रात्री राहू, तर तुमची शेवटची किंमत सांगा.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, अगदी सभ्य. जिना उभा आहे हे खरं, कठडा मजबूत आहे. भाडं लिहिलंय तेच. आणि समोर बांध आहे हे बरोबर, तो नसता तर खोलीही नसती.

मला वाटलं बाई मुरलेली आहे. मी आणखी दोनदा लिहिलं. तिने दोन्ही वेळा तेच भाडं तितक्याच गोड शब्दांत सांगितलं. मग मी ते केलं जे आजवर कधी फसलं नव्हतं. आमच्या इंदूरच्या लालबागच्या जत्रेत मी एका गालिच्यावर तासभर बोललो होतो, मग "राहू दे" म्हणून उठलो आणि हळूहळू चालायला लागलो. फार वेगाने चालायचं नसतं, हाक ऐकू यायला हवी. फाटकापर्यंत पोहोचलो तेव्हा मागून आवाज आला, "ओ साहब, ले जाओ, ले जाओ." तसंच मी त्या बाईला लिहिलं. भाडं आम्हाला परवडत नाही, राहू द्या, आम्ही दुसरीकडे बघतो.

तासाभरात उत्तर आलं. ठीक आहे, कळवल्याबद्दल आभार, तुमची आणि तुमच्या पत्नीची सहल छान होवो.

मी वाट पाहिली. पुठ्ठ्याचा माल उतरवताना फोन खिशातून काढून बघत होतो. बायको म्हणाली, "आलं का काही?"

"बोलावेल. अजून फाटकापर्यंत पोहोचलो नाही आपण."

दोन दिवसांनी बायकोने खोलीचं ते पान उघडून पाहिलं. आमच्या तारखांना खोली गेलेली होती. कुणीतरी सांगितलेल्या भाड्यात घेऊन टाकली. तिने मग माझी सगळी पत्रं वरपासून वाचली. मी समोर बसलो होतो.

"भिंत आहे म्हणून भाडं कमी करा असं लिहिलंत?"

"खोट काढावी लागते. त्याशिवाय भाव तुटत नाही."

"अहो, ती भिंत बघायलाच तर मी चाललेय."

"पण समुद्र दिसत नाही तिथून."

"नाहीच दिसायचा. तो डोक्याच्या वर असतो. तेच तर."

समुद्राकाठी जायचं आणि समुद्र न दिसण्याचे पैसे द्यायचे, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही. तिला सांगितलं की दुसरी खोली शोधतो. ती कुकर लावायला उठली. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं, भांडणात मला रस्ता सापडतो.

दुसरी खोली मिळेना. तिथे ट्यूलिपच्या फुलांचा हंगाम होता, त्या भागात जे उरलं होतं ते साडू उतरला होता त्या हॉटेलांपेक्षा महाग. व्हिसासाठी प्रत्येक रात्र कुठे काढणार ते दाखवावं लागतं, आणि माझ्या रात्री रिकाम्या. त्यातच मेहुणीचा फोन आला. तिच्या मैत्रिणींची एक टूर निघणार होती, एक जागा होती. साडू फोनवर मला म्हणाला, "साडूबुवा, बायकोला तरी जाऊ द्या त्यांच्याबरोबर. तुमचा युरोप तुम्ही सावकाश स्वस्त करा."

मी फोन ठेवला. बायकोला विचारलं, "तू जाणार?"

"रविवारी सांगायचंय त्यांना."

"त्या टूरमध्ये बांध आहे?"

"बसमधून."

"मग?"

"मग काय. काहीच नसण्यापेक्षा बसमधून बरा." ती भाजी निवडत होती, वर बघितलं नाही. "गुडघे तुमच्या हाकेची वाट बघत थांबणार आहेत का?"

मी कारखान्यात जाऊन ज्याला त्याला ओरडलो. माझं काय चुकलं हे मला कळत नव्हतं, आजही पुरतं कळलेलं नाही. मी खोटं बोललो नव्हतो, कुणाला फसवलं नव्हतं. जी गोष्ट करत मी उभा राहिलो तीच केली. ज्या नात्यातल्यांनी ती माझ्याकडून फुकट करवून घेतली तेच आता माझ्या बायकोला टूरवर पाठवायला निघाले होते, आणि मी दारात उभा राहून तिला हात हलवणार होतो.

शनिवारी सकाळी मी तिला म्हणालो, "त्या बाईला तू लिही. मी बोलणार नाही."

तिने शाळेतल्या स्वच्छ इंग्रजीत लिहिलं. मी भूगोल शिकवायचे. खिडकीसमोर बांध असलेली खोली मला हवी आहे. तुमच्या सवडीने कधीही, जे भाडं असेल ते. ते शेवटचे चार शब्द मला वाचून दाखवले तेव्हा मी खुर्चीचा हात घट्ट धरला. जे भाडं असेल ते. माझ्या घरातून असं पत्र जात होतं.

उत्तर त्याच संध्याकाळी आलं. उन्हाळाभर खोली भरलेली आहे, ऑक्टोबर अखेरीस रिकामी होते. तेव्हा वारा फार असतो, पाऊस असतो, फुलं अजिबात नसतात. पण बांधावर चढायला जिना नाही, गुडघे दुखणाऱ्यांना जमेल असा उतार आहे. खाली त्या उताराचा फोटो होता आणि तेव्हाचं भाडं. मी मनात धरलं होतं त्याहूनही कमी.

"बघ," मी म्हणालो, "उतरली ना."

"उतरली नाही. हंगाम संपल्यावर सगळ्यांना तेवढंच."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

मग मी जिंकलो की हरलो, हे मला ठरवता येईना. भाव कमी झाला होता आणि कुणी कमी केला नव्हता. मी ते दोनदा वाचलं. बायकोची बोटं कीबोर्डवर होती. तिने विचारलं, "हो म्हणू?"

पहिल्या भावाला मी जन्मात हो म्हटलेलं नाही. तोंडात "जरा थांब" आलंच होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती, पडद्यावरच्या त्या गवताच्या उताराकडे बघत होती.

"म्हण," मी म्हणालो.

तिने लिहिलं, पाठवलं, आणि लगेच बहिणीला फोन लावला. "अगं, माझी जागा दुसऱ्या कुणाला दे. आम्ही ऑक्टोबरात जातोय. हो, हे पण. नाही, लंडन नाही." पलीकडून साडूचा आवाज आला, मला नीट ऐकू येईल इतका मोठा. "विचार त्यांना, कितीत बसवलं?"

मी हात पुढे केला. तिने फोन दिला नाही. "ते आम्ही आल्यावर सांगू," म्हणाली आणि ठेवून दिला. मग नकाशा माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "आता मला हे सांगा, त्या गावाला गाडी कुठल्या बाजूने जाते. मला बांधाच्या बाजूची खिडकी हवी आहे." मी चष्मा लावला आणि बघायला लागलो. रूळ पाण्याच्या कडेने जात होते की पाण्याच्या खालून, हे मला त्या नकाशावरून कळेना.