मिस्त्रींचं विरजण

मिस्त्री एका नाकपुडीतून शिलाईचा दोरा आत घालत आणि दुसरीतून बाहेर काढत. मधल्या पडद्याला आरपार भोक होतं. शिरोलीच्या ज्या कारखान्यात मोटारसायकलींच्या लिव्हरना क्रोमचा मुलामा चढवला जायचा, तिथे नव्या माणसाचं स्वागत चहाच्या सुट्टीत असं व्हायचं. माझंही झालं. माझा चहा तसाच राहिला. मिस्त्री दोरा खिशात ठेवत म्हणाले, "पावणं, ही आमची डिग्री. फ्रेम करून भिंतीला लावाय येत न्हाय, एवढंच."

मी तिथे केमिस्ट होतो, म्हणजे माझ्याकडे एक टेबल आणि काही बाटल्या होत्या. क्रोमच्या टाकीवर पिवळसर वाफ तरंगायची आणि ती नाकाचा पडदा हळूहळू खाते, हे मी पुस्तकात वाचलं होतं. मिस्त्रींनी ते अंगावर वाचलं होतं, आणि ती इजा नसून बढती आहे अशी त्यांची पक्की समजूत होती. "भोक न्हाय त्यो मिस्त्री न्हाय," ते सांगत. वास येणं कधीच बंद झालं होतं. डब्यातली आमटी आंबली आहे की नाही, हे शेजारी बसणाऱ्या शालनवैनी त्यांना सांगत.

नजर मात्र भयंकर होती. लिव्हर उजेडात धरून ते म्हणत, "टाकी थंड पडलीया." मी थर्मामीटर घेऊन धावे. त्यांना खोटं पाडायची माझी फार इच्छा होती. ती शेवटपर्यंत पुरी झाली नाही.

त्यांचा एक रिवाज होता. नवी टाकी भरली की जुन्या टाकीतलं तांब्याभर पाणी त्यात घालायचं. त्याला ते विरजण म्हणत. "दुधाचं आपसूक दही हुतंय व्हय, बीएस्सी?" मला हा अडाणीपणा वाटायचा. पुढे एका जाड पुस्तकात त्या प्रकारच्या टाकीसाठी तसंच करावं असं लिहिलेलं सापडलं. ते पुस्तक मी त्यांना दाखवलं नाही.

शालनवैनी टाकीला लागून उभ्या राहत आणि लिव्हर आकड्यांना अडकवत. मी लागल्याच्या सहाव्या वर्षी त्यांच्या नाकातून रक्त यायला लागलं. मिस्त्री खुशीत म्हणाले, "बसलीस की डिग्रीला."

वैनी हसल्या नाहीत. "मामा, मला नगं ती डिग्री. रुमाल बघून माझी पोरगी जेवत न्हाय."

मिस्त्रींनी तो रुमाल बराच वेळ पाहिला. त्यानंतर त्यांनी दोरा कधी काढला नाही.

त्याच सुमारास आमचे लिव्हर घेणाऱ्या पुण्याच्या कंपनीनं कळवलं की जुन्या क्रोमचा माल आता घेणार नाही. त्याऐवजी दुसऱ्या जातीचा, कमी घातक क्रोम वापरा. नव्या क्रोमची चाचणी फसली, तर जुन्यासाठी वर्षाची मुदत मिळणार होती. म्हणजे वैनींना आणखी वर्षभर त्याच वाफेत उभं राहावं लागणार होतं. मालकांनी आधी फाटकावर 'हरित उद्योग' अशी पाटी लावली, तिच्यावर पान आणि पानावर स्वतःचा फोटो. टाकी नंतर आली. तिच्यातलं पाणी हिरवं होतं आणि मुलामा जरा काळसर उतरायचा. "ह्यो रंग आजारी माणसाच्या नखाचा हाय," असं मिस्त्री म्हणाले खरे, पण चाचणीच्या आदल्या दिवशी टाकी घासून नव्यानं भरताना त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही.

चाचणीचे लिव्हर अकरा वाजता बाहेर आले. सगळ्यांवर काळे ओघळ होते. चार वाजता कंपनीच्या इंजिनिअर बाई यायच्या होत्या. मी टाकीतलं थोडं पाणी काढून त्यात तपासणीचं औषध टाकलं. ते जांभळं झालं.

"ह्ये काय?" मागून मिस्त्रींनी विचारलं.

"जुना क्रोम. यात चिमूटभरही चालत नाही. कुठून आला कळत नाही."

 ते खालच्या आवाजात म्हणाले, "काल सांजचं घातलं मी. तांब्याभर. लागावं म्हणून."

मी मालकांकडे गेलो आणि जुना क्रोम मिसळला आहे एवढंच सांगितलं. मिस्त्रींचं नाव घेतलं नाही. मालकांनी घड्याळाकडे पाहिलं. "आपल्या हातनं बिघडलं असं लिहू नका. रसायन सदोष आलं म्हणा. वर्ष मिळंल, तवर जुनी टाकी हायच." मी तसा अहवाल लिहिला. मिस्त्रींना वाचवतोय, अशी मी माझी समजूत घातली. वैनी पलीकडे जुन्या टाकीवर लिव्हर अडकवत होत्या.

चार वाजता बाईंनी अहवाल वाचला. "रसायन सदोष? मग पुरवठादाराला बोलवावं लागेल. त्याचा निकाल लागेपर्यंत चाचणी थांबवू."

मालकांनी सुस्कारा सोडला. मिस्त्री पुढे झाले.

"माल चांगला हाय, बाई. मी त्यात जुनं पाणी घातलं."

"मुद्दाम?"

"व्हय, मुद्दाम. चांगलं व्हावं म्हणून."

मालक म्हणाले, "मिस्त्री, गप बसा की."

"गप बसलो तर ही वर्षभर हिथंच हुबी," मिस्त्रींनी वैनींकडे मान वळवली. "बीएस्सी, खोडा ते. मिस्त्री असं लिहू नगा, मिस्त्री गावभर हायत. माझं नाव घाला."

मला त्यांना पूर्ण नाव विचारावं लागलं. सहा वर्षं आम्ही एका टेबलावर चहा पीत होतो.

बाईंनी शांतपणे सांगितलं की पाणी फेकायची गरज नाही. एक औषध घालून दोन दिवस ढवळलं तर ते दुरुस्त होतं. तसं ते झालं. तिसऱ्या दिवशीचे लिव्हर पास झाले. नव्या टाकीच्या उद्घाटनाला मालकांनी सुरक्षिततेवर भाषण केलं आणि शाल स्वतःच पांघरून घेतली.

मिस्त्रींना कुणी काढलं नाही. त्यांनीच महिनाअखेर आपल्या गावी, मुरगूडला, परत जायचं ठरवलं. जाण्याआधी आठवडाभर त्यांनी शालनवैनींना नव्या टाकीजवळ आपल्या जागी उभं केलं, पण स्वतः दोन हात लांब राहिले. पाण्याला बोट लावलं नाही. वैनी कावऱ्याबावऱ्या झाल्या होत्या. "मामा, मला ह्यातलं काय बी येत न्हाय. तुमी ऱ्हावा की."

"तुला येत न्हाय त्येच बरं हाय," मिस्त्री म्हणाले. "मला लई येतंय."