छकुलीची पहिली संकष्टी

छकुलीला टेबलवर ठेवलं तेव्हा तिची मान लुळी पडली होती. हिरड्या पांढऱ्या, पंजे गार. मध्येच एक पाय झटका बसल्यासारखा हलायचा. नऊ दिवसांपूर्वी मीच तिला या लोकांच्या हातात दिलं होतं. तेव्हा ती माझ्या ओढणीचं टोक सोडायला तयार नव्हती.

बदलापूर वेस्टला प्राण्यांच्या एका दवाखान्यात मी दुपारनंतर असिस्टंट म्हणून काम करते. सकाळी कॉलेज. छकुली म्हणजे अडीच महिन्यांचं पॉमेरेनियन कुत्र्याचं पिल्लू, वजन सव्वा किलो. उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या एका कुटुंबाने हौसेने घेतलं आणि पंधरा दिवसांत कंटाळून आमच्याकडे आणून सोडलं. मग मांजर्लीच्या एका काकूंनी आणि त्यांच्या मुलाने, प्रथमेशने, तिला दत्तक घेतलं. आता दोघं टेबलापाशी उभे होते.

"शेवटचं कधी खाल्लं हिने?" मॅडमनी, म्हणजे आमच्या डॉक्टरांनी, विचारलं.

"सकाळी दूध घेतलं थोडं," काकू म्हणाल्या.

"आणि नंतर?"

"नंतर काही नाही. आज संकष्टी ना."

मॅडमनी मान वर केली.

"आमच्यात घरातले सगळे धरतात हो. ही आली आणि चौथ्या दिवशी प्रथमेश कंपनीत पर्मनंट झाला. म्हटलं, हिचीपण पहिली संकष्टी होऊ दे. चंद्र दिसला की पहिला मोदक हिलाच देणार होते."

मी ओरडलेच. "काकू, सव्वा किलोचा जीव आहे तो! तिला कसला उपास करायला लावता?"

"अगं, पण मीपण सकाळपासून काही खाल्लेलं नाही."

"तुम्ही नका खाऊ! तुम्हाला कोण खा म्हणतंय?"

"बास," मॅडम म्हणाल्या. "ग्लुकोमीटर आण. भांडायचं असेल तर बाहेर जा."

ग्लुकोमीटर म्हणजे डायबिटीसवाले घरी वापरतात तेच मशीन. कानाच्या कडेला बारीक टोचून रक्ताचा थेंब घेतला. मशीनवर आकडा आलाच नाही, नुसतं 'लो' आलं. इतक्या लहान पिल्लाच्या अंगात साखरेचा साठा जवळजवळ नसतो. मोठा कुत्रा दिवसभर उपाशी राहिला तर चिडचिडा होतो. हे पिल्लू बेशुद्ध पडतं, आणखी उशीर झाला तर मरतं.

मी हिरड्यांवर बोटाने मध चोळला. तोंडात ओतायचा नसतो, बेशुद्ध पिल्लाच्या फुफ्फुसात जातो. मॅडमनी शिरेत सुई घातली आणि ग्लुकोज सुरू केलं. माझं काम पाय धरण्याचं. तो काडीएवढा पाय मी कसाबसा स्थिर धरला.

"आम्हाला कोणी सांगितलंच नाही," मागून प्रथमेश म्हणाला.

"चार्ट दिला होता ना? दर चार तासांनी खायला, असं पहिल्याच ओळीत आहे. मी समजवायला लागले तर तुम्हीच म्हणालात, हां हां, मला माहितीये, गूगल केलंय."

"चार्ट फ्रिजवर लावलाय. मी तर दिवसभर कंपनीत असतो. आई बघते तिचं."

मी काकूंकडे वळले. "मग तुम्ही वाचला नाहीत?"

"तो फ्रिजवरचा?" काकू हळूच म्हणाल्या. "इंग्रजी आहे ना तो. मला कुठं वाचता येतं?"

तो चार्ट मीच टाइप केला होता. मॅडम म्हणाल्या होत्या, मराठीत कर. मीच म्हटलं, इंग्लिशमध्ये प्रोफेशनल वाटतं. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. सोनिवलीला घरी माझ्या आईने तो फ्रिजवर लावला असता तर तिलाही एक ओळ कळली नसती. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण चार्ट करताना ते माझ्या लक्षातही आलं नाही, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. प्रथमेशचा आला होता त्यापेक्षा जास्त.

वीस-पंचवीस मिनिटांनी छकुलीने डोकं उचललं. मग माझं मधाचं बोट चाटायला लागली. काकू भिंतीला टेकून रडत होत्या. मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. ते आज लिहितानाही बरं वाटत नाही.

ते दोघं बाहेर बसले तेव्हा मी म्हटलं, "मॅडम, पिल्लू परत घेऊ या."

"का? कॅम्प पाचवाल्यांनी कंटाळून सोडलं, तेव्हा तुला इतका राग आला नव्हता," मॅडम म्हणाल्या. "ही बाई रिक्षात तिला पदरात धरून आली. हिला शिकवता येईल. तू शिकवलं नाहीस."

छकुलीला रात्रभर आमच्याकडेच ठेवलं. दुसऱ्या दिवशी काकू तिला न्यायला आल्या तेव्हा मी त्यांना समोर बसवलं. किती द्यायचं, केव्हा द्यायचं, सगळं त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. "आणि चतुर्थीला?" त्यांनी स्वतःच विचारलं. मी सांगितलं, कुत्र्यांना सण नसतात. त्यांना ते फारसं पटलेलं दिसलं नाही, पण त्यांनी ऐकलं. छकुली आज ठणठणीत आहे. वजन दोन किलोच्या वर गेलंय.

चार्ट आता मराठीत आहे. पण माझा कागदावर विश्वास उरलेला नाही. पिल्लू देण्याआधी मी एकच विचारते: घरात याला खायला वाढणार कोण? त्या माणसाशी बोलल्याशिवाय पिल्लू देत नाही. परवा अंबरनाथचा एक जण एक पिल्लू न्यायला आला होता, एकटाच. म्हणाला, "आईला मी सांगेन ना, ताई." मी म्हटलं, आईला घेऊन या. तो तणतणत निघून गेला.

गेला तर गेला. ते पिल्लू आमच्याकडेच आहे, आणि वेळेवर खातंय.