शेवटच्या कडव्यातलं नाव

अण्णांनी गाताना कानाला हात लावला की हल्ली मला धडकी भरते. माझे वडील शाहीर. गाणी त्यांनीच रचलेली. मी मागे उभी राहून झील धरते, म्हणजे त्यांची ओळ त्यांच्यामागून उचलते.

परवा जत्रेत ते शेवटच्या कडव्यात थांबले. तिथं रचणाऱ्याचं नाव येतं. डफ वाजत राहिला. लोकांना वाटलं, मुद्दाम ताणतायत. अण्णांनी मागे वळून हळूच विचारलं, "कुणाचं गं हे गाणं?"

बाकी गाणं तर सगळं शाबूत होतं. मग त्यातून माणूसच आधी निघून जातो की काय?

मी त्यांचं नाव म्हटलं. त्यांनी ते माझ्यामागून उचललं. टाळ्या पडल्या. त्या नावासाठी अण्णांनीही वाजवल्या.